आडरानातली तळी आणि मोठा ब्लूगिल

मोठा मासा लहान माशाला गिळतो, एवढ्या साध्या निरीक्षणावरून आपल्या पूर्वजांनी ‘मत्स्यन्याय’ हा शब्द घडवला. बलवंताने दुर्बळाला खावे आणि त्याला जाब विचारणारे कोणी नसावे, अशी अवस्था त्या शब्दाने सूचित होते. परंतु उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत राहणाऱ्या एका लहानखुऱ्या माशाचे चरित्र पाहिले, म्हणजे या न्यायाला दुसरीही बाजू आहे हे ध्यानात येते. त्या तळ्यांतून मोठे मासे नाहीसे झाले, की लहानांना सुखाचे दिवस येत नाहीत. उलट त्यांची वाढ खुंटते आणि सारे तळे खुरट्या माशांनी भरून जाते. वडीलधारे आहेत तोवरच धाकटे मोठे होतात, असा काहीसा विलक्षण प्रकार तेथे आढळतो. या माशाचे नाव ब्लूगिल.

आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांतील मुले, सुना, जावई, नातवंडे आज शिकागो, डेट्रॉइट, मिनीआपोलिस या शहरांच्या परिसरात स्थायिक झालेली आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे चार महिने जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांना घराजवळच्या तळ्याकाठी गळ टाकून बसलेली शाळकरी मुले हमखास दिसतात. त्या मुलांच्या गळाला जो पहिला मासा लागतो, तो बहुधा हाच असतो. तळहातावर मावणारा, सहज गवसणारा. म्हणून त्याची कोणी फारशी मातब्बरी मानीत नाही. परंतु हाच मासा पूर्ण वाढलेला, नऊ-दहा इंची, पाहायला मिळावा म्हणून जाणती माणसे मोटार रस्त्यावर सोडून, होडी खांद्यावर घेऊन, मैल-दोन मैल जंगल तुडवीत जातात. इतका सामान्य मासा मोठ्या रूपात इतका दुर्मीळ का व्हावा, आणि तो आडरानातल्या तळ्यांतच का भेटावा, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

निळ्या कल्ल्याचा मासा

ब्लूगिल म्हणजे निळ्या कल्ल्याचा. गालापासून कल्ल्यापर्यंत निळसर जांभळी झाक असते, तीवरून हे नाव पडले. कल्ल्याच्या झाकणाला मागे काळ्या रंगाचे कानाच्या पाळीसारखे टोक असते आणि पाठीवरच्या पराच्या मागील भागात एक काळसर डाग असतो. या दोन खुणांवरून त्याला त्याच्या भाऊबंदांतून निवडून काढता येते. अंग चपटे व गोलसर. तोंड मात्र फार लहान. विणीच्या दिवसांत नराची छाती तांबूस केशरी होते आणि स्वच्छ पाण्यातून तो निखाऱ्यासारखा दिसतो. शास्त्रीय नाव लेपोमिस मॅक्रोकायरस. १८१९ साली राफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. रॉकी पर्वताच्या पूर्वेचा प्रदेश, विशेषतः मिसिसिपीचे खोरे व पंचमहासरोवरांचा परिसर, हे त्याचे मूळ घर. इलिनॉय राज्याने १९८६ साली त्याला राज्याच्या माशाचा मान दिला.

खवय्यांच्या दृष्टीने तो ‘पॅनफिश’, म्हणजे अख्खाच्या अख्खा तव्यावर मावणारा मासा. मांस पांढरेशुभ्र, मऊ आणि किंचित गोडसर. गोव्यातल्या किंवा कोकणातल्या स्वयंपाकघरात रवा लावून मासे तळण्याचा ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांना या माशाविषयी वेगळे काही शिकवावे लागणार नाही.

आता आकाराविषयी. सर्वसाधारण तळ्यात पाच-सहा इंचांचा ब्लूगिल भरपूर मिळतो. आठ इंचांचा, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटरचा, मासा चांगला समजला जातो. नऊ इंचांचा दिसला तर लोक तो मुद्दाम पाहायला येतात, आणि दहा इंचांचा गवसला तर त्याची आठवण जन्मभर राहते. विक्रमाची गोष्ट निराळी. ९ एप्रिल १९५० रोजी दक्षिणेकडील अलाबामा राज्यातल्या केटोना नावाच्या तळ्यात १५ इंच लांबीचा, ४ पौंड १२ औंस वजनाचा, म्हणजे दोन किलोंहून अधिक भाराचा ब्लूगिल सापडला होता. पण दक्षिणेतील उन्हाळा लांब असतो. उत्तरेकडील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत वर्षातले चार-पाच महिने तळी गोठलेली असतात. तेथे आठ इंच वाढायला ब्लूगिलला साधारणपणे सहा ते आठ वर्षे लागतात. तव्यावर पाच मिनिटांत तळून होणाऱ्या या माशाच्या मागे इतक्या वर्षांची वाढ उभी असते, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

खुरटण्याचे कारण

आपल्याकडे १९५२ साली मोझांबिक तिलापिया हा मासा बाहेरून आणला गेला. दोन-तीन महिन्यांत वयात येऊन तो इतकी पिले घालतो, की थोड्याच काळात तळे बोटभर तिलापियांनी गजबजून जाते आणि खाणे कोणालाच पुरत नाही. ब्लूगिलच्या तळ्यातही वेगळ्या वाटेने अशीच गत होऊ शकते. एक मादी एका हंगामात हजारो अंडी घालते. तेवढी पिले जगली, तर पाण्यातले किडे व सूक्ष्म जीव साऱ्यांना पुरणार कसे? सगळे अर्धपोटी राहतात आणि सगळेच खुजे राहतात.

या ठिकाणी पहिला उपकारकर्ता येतो, तो म्हणजे शत्रू. लार्जमाउथ बास नावाचा मोठ्या जबड्याचा मासा ब्लूगिलची पिले खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवतो. उरलेल्यांना पोटभर मिळते आणि ती वाढतात. अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल या मत्स्यशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकापासून शेततळ्यांवर जे दीर्घकाळ प्रयोग केले, त्यांतून बास आणि ब्लूगिल यांच्या या समतोलाची मांडणी झाली. बास उपसून नेले, की ब्लूगिल खुरटले, हा त्याचा सारांश.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि ते ब्लूगिलच्या कौटुंबिक जीवनात दडलेले आहे. वसंत सरता सरता पाण्याचे तापमान सत्तर अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे एकवीस अंश सेल्सिअसच्या आसपास आले, की नर काठाजवळच्या वाळूत शेपटीने झाडून ताटलीसारखी खोलगट घरटी करतात. अशी अनेक घरटी एकमेकांना लागून असतात, जणू एखादी चाळच. मादी येऊन अंडी घालते आणि निघून जाते. पुढची सारी जबाबदारी बापाची. तो अन्नपाणी जवळजवळ सोडून परांनी अंड्यांवर वारा घालतो, त्यांच्यावर गाळ बसू देत नाही, आणि चोरांना हुसकावून लावतो. पिले पोहू लागेपर्यंत, सुमारे आठवडाभर, त्याचा हा पहारा चालतो.

परंतु सगळे नर असे कर्तव्यदक्ष नसतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ओपिनिकन सरोवरात मार्ट ग्रॉस या शास्त्रज्ञाने केलेल्या आणि १९८०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की तेथील घरटी राखणारे नर सुमारे सातव्या वर्षी वयात येतात. काही नर मात्र दुसऱ्या वर्षीच वयात येऊन दुसऱ्याच्या घरट्यात घुसतात, अंडी फळवतात आणि पळ काढतात. थोडे मोठे झाल्यावर यांतलेच काही मादीचे रंगरूप धारण करून घरधन्याच्या डोळ्यांदेखत आत शिरतात! या चोरट्या नरांची शक्ती लवकर प्रजननात खर्ची पडते. ते घरटे राखणारे मोठे नर कधीच होत नाहीत.

आता तळ्यातले मोठे, घरटे राखणारे नर माणसांनी पकडून नेले, तर काय होते? इलिनॉयमधील संशोधकांनी १९९०च्या दशकात प्रयोग करून दाखवले, की मोठे नर भोवती असले म्हणजे तरुण नर वयात येण्याची घाई करीत नाहीत. मोठ्यांपुढे आपला निभाव लागणार नाही, म्हणून ते आणखी काही वर्षे अंग वाढविण्यात घालवतात. मोठे नर नाहीसे झाले, की ही अटक उठते. पाच इंचांचा पोरगेला नरही घरटे मांडून बसतो. जे अन्न अंगी लागायचे ते प्रजननात खर्च होते आणि त्याची वाढ तेथेच थबकते. काही वर्षांनी त्या तळ्यात मासे पूर्वीइतकेच, किंबहुना अधिकही असतात; पण मोठा एकही नसतो. एखाद्या घरातली वडील माणसे अकाली गेली आणि शिकायच्या वयातल्या मुलांवर संसाराचा भार पडला, म्हणजे जे होते, तेच येथे घडते.

म्हणजे मोठा ब्लूगिल हा एकट्याने मोठा होत नाही. त्याला मोठे करणारे दोघे: तळ्यातला बास आणि तळ्यातले थोरले नर. आणि या दोघांचाही वैरी एकच, तो म्हणजे वारंवार येणारा माणूस. म्हणूनच जेथे माणसाचे पाऊल क्वचित पडते, तेथे जुना क्रम टिकून राहतो.

रस्त्यापासून दूर

मिनेसोटा राज्य स्वतःला दहा हजार सरोवरांची भूमी म्हणवते. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी तेथे मोजली गेली आहेत. शेजारच्या विस्कॉन्सिनची गणती पंधरा हजारांच्या आसपास जाते. ही बहुतेक तळी हिमयुगाची देणगी होय. हिमनद्या मागे हटताना बर्फाचे प्रचंड तुकडे मातीवाळूत गाडले गेले. ते वितळले, तेथे खळगे पडले आणि त्यांत पाणी साचले. यातली मोठी तळी रस्त्यांनी, घाटांनी, भाड्याच्या बंगल्यांनी वेढलेली आहेत. पण वीस-पंचवीस एकरांची, ज्यांना धड नावही नाही अशी शेकडो तळी सरकारी जंगलात, दलदलींच्या आड आजही पडून आहेत.

दूरपणाची व्याख्या येथे मैलांत करायची नसते. कष्टांत करायची असते. मोटारीमागे बांधलेली यांत्रिक होडी जेथे थेट पाण्यात उतरवता येते, ते तळे शंभर मैलांवर असले तरी जवळचे. उलट रस्त्यापासून अर्ध्याच मैलावरचे, पण मध्ये गुडघाभर दलदल असलेले तळे दूरचे. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवर बाउंडरी वॉटर्स या नावाने राखलेल्या अरण्यात हजारांहून अधिक सरोवरे आहेत. १९७८च्या कायद्याने तेथील यांत्रिक होड्यांवर मोठे निर्बंध आले. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचे तर वल्ह्याची हलकी होडी डोक्यावर पालथी घेऊन चालावे लागते. या पायवाटांना ‘पोर्टेज’ म्हणतात. शब्द फ्रेंच व्यापाऱ्यांचा. वाटा मात्र त्यांच्याही पूर्वीच्या, ओजिब्वे आदी मूळ रहिवाशांच्या. त्यांची लांबी आजही ‘रॉड’मध्ये सांगतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि ३२० रॉडांचा एक मैल. मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात सिल्व्हानिया नावाचे असेच एक अरण्य आहे. पूर्वी ते धनिकांच्या खाजगी मंडळाच्या मालकीचे होते. १९६६ साली अमेरिकेच्या वनखात्याने ते विकत घेतले आणि १९८७ साली त्याला कायमचे संरक्षण मिळाले. सुमारे १८ हजार एकरांत नाव असलेली ३४ तळी तेथे आहेत, आणि मासेमारीचे नियम सर्वसाधारण नियमांहून कडक आहेत.

तळ्याची निवड

मात्र दूरचे प्रत्येक तळे गुणाचे असते, असे नाही. निवडीचे काम घरी, टेबलावर नकाशा पसरूनच सुरू होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे उंचसखलपणा दाखवणारे नकाशे आणि विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेली छायाचित्रे यांवरून तळे कोठे आहे, वाट कशी आहे, जमीन सरकारी की खाजगी, हे समजते. राज्याच्या निसर्गसंपदा खात्याने वेळोवेळी जाळी लावून केलेल्या पाहण्यांचे अहवाल कोणालाही पाहता येतात. तळ्याची खोली, त्यात कोणते मासे, किती आणि केवढे, हे त्यांत नोंदलेले असते.

हे अहवाल वाचताना नवखा माणूस मोठ्या आकड्याला भुलतो. जाळ्यात शेकडो ब्लूगिल आले, असे वाचून त्याला आनंद होतो. जाणत्याने नेमके तेच तळे सोडून द्यावे. जेथे ब्लूगिल थोडे, पण त्यांत सात-आठ इंचांचे बरेच, आणि जोडीला बासची किंवा पाइकची भरपूर हजेरी, ते तळे आपले. शत्रू पुष्कळ आहेत, म्हणजे पिलांची गर्दी नाही. गर्दी नाही, म्हणजे उरलेल्यांच्या ताटात भरपूर आहे.

दुसरी कसोटी खोलीची. हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचा थर आणि त्यावर हिम साचले, की सूर्यप्रकाश आत पोहोचत नाही. पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करू शकत नाहीत, आणि कुजणारा पाला असलेला प्राणवायूही संपवतो. उथळ तळ्यातले मासे अशा वेळी गुदमरून मरतात. पंधरा-वीस फुटांहून खोल डोह जेथे आहे, तेथे ही भीती पुष्कळ कमी. कधी कधी मात्र निम्मे मासे मरून उरलेल्यांना मोकळे रान मिळते आणि ते पुढल्या काही वर्षांत झपाट्याने वाढतात. पण तो योगायोगाचा भाग झाला.

तिसरी कसोटी पाण्याची आणि वनस्पतींची. चहासारख्या तांबूस पाण्याची, दलदलीने वेढलेली आम्लधर्मी तळी दिसायला गूढरम्य असतात, पण त्यांत अन्न बेताचे. वनस्पती अगदीच नसल्या तर पिलांना आसरा नाही. संपूर्ण तळे वनस्पतींनी भरले तर बासला शिकार सापडत नाही आणि पिलांची गर्दी होते. काठाने वनस्पतींची किनार आणि मध्ये मोकळे खोल पाणी, अशी घडण उत्तम.

पाण्यावर गेल्यावर

बर्फ वितळल्यानंतरच्या दिवसांत उत्तर काठावरचे उथळ आखात आधी तापते, कारण दक्षिणेकडून येणारे ऊन त्यावर अधिक पडते. किडे तेथे आधी हलू लागतात आणि त्यांच्यामागे ब्लूगिल येतात. मेच्या अखेरीपासून जूनभर घरट्यांचा काळ. पाणी स्वच्छ असेल तर तळाशी फिकट वर्तुळांची रांगोळी घातल्यासारखी घरटी होडीतूनच दिसतात.

उन्हाळा चढल्यावर मात्र काठाजवळ केवळ लहान मासे मिळतात आणि पाहुणा निराश होऊन म्हणतो, “या तळ्यात मोठे नाहीतच.” याचा उलगडा मिशिगन राज्य विद्यापीठाच्या केलॉग केंद्रातील अर्ल वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तळ्यातल्या प्रयोगात असे दिसले, की बास असलेल्या पाण्यात लहान ब्लूगिल जिवाच्या भीतीने वनस्पतींत लपून राहतात. बासच्या जबड्यात मावणार नाही एवढे अंग झाले, की तेच मासे निर्धास्तपणे मोकळ्या पाण्यात येतात आणि तेथील पाणपिसवांवर पोसतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मोठा ब्लूगिल हवा असेल, तर काठाची हिरवी किनार सोडून तिच्या बाहेर, दहा ते वीस फूट खोल पाण्याकडे होडी न्यावी.

सामग्री थोडकी पुरते. हलकी काठी, दोन ते चार पौंडांचा ताण सोसणारे बारीक तंगूस, आठ किंवा दहा क्रमांकाचा छोटा गळ, हरभऱ्याएवढे शिसे आणि पाण्यावर तरंगणारे लहानसे बूच. आमिष गांडुळाच्या तुकड्याचे, किंवा नियमांत ते बसत नसेल तर पिसांच्या कृत्रिम किड्याचे. तोंड लहान असल्याने मोठा गळ निरुपयोगी. मोठे मासे आमिषावर झडप घालीत नाहीत. ते जवळ येऊन न्याहाळतात आणि मग हलकेच ओढतात, तेव्हा बूच बुडत नाही, नुसते कलते. पण एकदा गळ लागला, की चपटे अंग पाण्याला आडवे धरून ते गोलगोल फिरते, आणि पाव किलोचा जीव काठी अर्धी वाकवतो.

अरण्यात जाणाऱ्याने परवाना आधी घ्यावा. प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो आणि पाहुण्यांनाही तो लागतो. तरण्याचे जाकीट अंगात असावे, नकाशा व होकायंत्र खिशात असावे, आणि आपण कोठे जाणार व केव्हा परतणार हे घरी सांगून ठेवावे. जूनमध्ये डास व काळ्या माश्या यांचा उपद्रव इतका असतो, की डोक्यावरून जाळी घेतल्यावाचून बसणे कठीण होते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर चालायचे तर किमान चार इंच जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ हवा.

जपण्याची जबाबदारी

हिवाळ्याचा उल्लेख आला, तेव्हा एक गोष्ट सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात ज्या दलदलीमुळे तळे दुर्गम असते, तीच दलदल जानेवारीत दगडासारखी गोठते आणि बर्फावरून धावणारी यंत्रे सरळ तळ्यावर पोहोचतात. उपग्रहाच्या साहाय्याने वाट दाखवणारी आणि पाण्याखालचे मासे दाखवणारी उपकरणे आता सर्वांच्या हाती आली आहेत. दूरपणाने राखलेली तळी केवळ दूरपणाच्या भरवशावर यापुढे राहतील, अशी स्थिती उरलेली नाही. वीस एकरांच्या तळ्यात मोठे ब्लूगिल असतात तरी किती? घरट्यांच्या दिवसांत ते सगळे एका ठिकाणी जमलेले असतात, समोर येईल त्यावर तुटून पडतात, आणि चार जणांना दोन शनिवार-रविवारांत ते जवळजवळ संपवता येतात. घरट्यावरचा बाप उचलला, की शेजारचे मासे काही वेळातच अंड्यांचा फन्ना उडवतात. त्या वर्षाची पिले तर जातातच, पण पुढल्या पिढ्यांचा आकारही त्याच्याबरोबर जातो.

ही केवळ कल्पना नव्हे. मिनेसोटातील पार्क रॅपिड्स या गावी भरणाऱ्या वार्षिक मासेमारी स्पर्धेच्या १९३० ते १९८७ या ५८ वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा फार मोठ्या ब्लूगिलांच्या नोंदी काळाच्या ओघात विरळ होत गेल्याचे दिसून आले. राज्यांनी यावर उपाय योजले आहेत. विस्कॉन्सिनने १९९८ साली अशा लहान माशांची एका माणसाची दिवसाची मर्यादा ५० वरून २५ वर आणली. पुढे दोन्ही राज्यांत काही निवडक तळ्यांवर ती दहापर्यंत उतरवून पाहण्यात आली, आणि २००५ व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तेथील ब्लूगिलांचा आकार सुधारल्याचे आढळले. मिनेसोटाने त्यानंतर अनेक तळ्यांवर पाच किंवा दहा माशांची मर्यादा घातली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की यांतल्या बऱ्याच तळ्यांत मोठे मासे अजून शिल्लक होते. गेलेले परत आणण्यापेक्षा असलेले राखणे सोपे, हा व्यवहार सरकारलाही पटला.

या कथेला एक पूर्वेकडची उपकथाही आहे. १९६० साली जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. अन्न म्हणून उपयोग होईल या हेतूने ते जपानला नेण्यात आले. पुढे ते बिवा सरोवरासह देशभर पसरले आणि तेथील मूळच्या माशांच्या जिवावर उठले. स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक असलेल्या सम्राट अकिहितो यांनी २००७ साली बिवाकाठच्या ओत्सू येथे याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्या घरी जो मासा शत्रू आणि थोरले यांच्या धाकात शोभून दिसतो, तोच परक्या पाण्यात निरंकुश होतो. म्हणून एका तळ्यातला मासा दुसऱ्यात सोडू नये, उरलेले जिवंत आमिष पाण्यात ओतू नये, आणि एका तळ्यातून निघताना होडी पुसून, कोरडी करूनच पुढे न्यावी, हे नियम तेथे कसोशीने सांगितले जातात.

यावर कोणी म्हणेल, मग जायचेच कशाला? जायचे, आणि खायचेही. फक्त कोणता मासा घरी न्यायचा, याचा विवेक हवा. सहा-सात इंचांचे पाच-सहा मासे चार माणसांच्या जेवणाला शोभा आणतात. ते नेल्याने तळ्याचे काही बिघडत नाही, उलट गर्दी थोडी हटते. तांबूस छातीचा, नऊ इंचांचा नर मात्र हात ओले करून उचलावा, मोजावा, हवे तर छायाचित्र घ्यावे आणि लगेच पाण्यात सोडावा. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून ठेवला असेल, तर हे काम क्षणभराचे आहे. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता तंगूस कापून टाकावे. बास हाती लागला तर तोही परत सोडावा. या तळ्याचा खरा राखणदार तोच.

आडवाटेच्या तळ्यांवर जाणाऱ्यांत एक अलिखित शिष्टाचार आहे. ते माशाची लांबी सांगतात, आमिष कोणते लावले ते सांगतात, हवा कशी होती तेही रंगवून सांगतात. तळ्याचे नाव मात्र सांगत नाहीत. कोणाला हा कंजूषपणा वाटेल. परंतु नाव ज्याचे त्याने नकाशावर शोधावे आणि वाट ज्याची त्याने चालावी, यातच त्या तळ्याचे रक्षण आहे. होडी खांद्यावर घेऊन इतके अंतर चालून आलेला माणूस सहसा तळे उपसायला आलेला नसतो. उन्हाळ्यात मुलांकडे गेलेल्या आजोबांनी नातवाला घेऊन असे एखादे तळे जरूर शोधावे. नातवाचा पहिला मोठा मासा पाण्यात परत सोडताना त्याला थोडे वाईट वाटेल. तो आठ वर्षांचा असेल, तर हा मासा बहुधा आपल्याच वयाचा आहे, एवढे त्याला सांगावे.